दणका आणि दचका

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती आणि नेमबाजीच्या रेंजवर मी माझ्या लेकीवर चारचौघांत ओरडलो, "अगं, घाबरतेस काय एवढी? मूठ घट्ट धर की!"

ती पंधरा वर्षांची. दीड वर्ष एअर पिस्तूल चालवून नुकतीच पॉइंट टू-टूच्या पिस्तुलाकडे वळली होती. एअर पिस्तुलात तिचे गुण बरे पडायचे. त्यातला छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, दारू नाही, धडाका नाही. इथे मात्र गोळ्या सारख्या खाली डावीकडे जायच्या. माझ्या बोलण्यावर ती काही बोलली नाही. तिनं पिस्तूल खाली ठेवलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली.

आमचे प्रशिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले. आवाज चढवणं हे सैन्यातच ठेवून आलेले. मला म्हणाले, "साहेब, आता तुम्ही मारा पाच."

मीही दोन वर्षं दर रविवारी हौसेनं नेमबाजी करतो, त्यामुळे हे आमंत्रण मला रास्तच वाटलं. सरांनी पाठमोरं होऊन मॅगझीन भरून दिलं. पहिली गोळी नऊला, दुसरी आठला. तिसऱ्या वेळी चाप दाबला आणि नुसतं ‘टक्’ झालं. आवाज नाही, गोळी नाही, दणका नाही. पण पिस्तुलाची नळी मात्र ठसठशीतपणे खाली झुकली होती. सरांनी मध्येच प्लास्टिकचं खोटं काडतूस घातलं होतं. मागे बाकावरून कोणी हसलं नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

पिस्तुलाचा दणका, ज्याला रेंजवर सगळे ‘रिकॉइल’ म्हणतात, त्याबद्दल माझ्यासारख्या हौशी मंडळींचा एक पक्का गैरसमज असतो. दणक्यानं हात उडतो आणि म्हणून गोळी चुकते, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात टू-टूची गोळी सुमारे अडीच ग्रॅमची आणि पिस्तूल किलोच्या वर. गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास वेळ लागतो. हात उडालेला दिसतो तो बहुतेक सगळा त्यानंतर. म्हणजे गोळी बिघडते ती दणक्यानं नव्हे, तर दणका येणार म्हणून आपण आधीच अंग चोरतो त्यानं. डॉक्टरनं सुई टोचण्याआधीच दंड आखडून घेणारी माणसं आपण पाहतोच की!

माणसाचा हा दचका काढणं अवघड, म्हणून की काय, कारागिरांनी पिस्तुलावरच जास्त मेहनत घेतली. नळी हाताच्या जितकी वर, तितका दणक्याचा जोर पहारीच्या टोकावर पडल्यासारखा मनगट वर फिरवतो. म्हणून स्पर्धेच्या पिस्तुलांत नळी हातालगत खाली आणली. बऱ्याच पिस्तुलांत मॅगझीनही मुठीत न ठेवता चापाच्या पुढे नेलं. लाकडी मूठ तर ज्याची त्यानं कानस मारून, लुकण भरून आपल्या हाताची करून घ्यायची. पण मनगटाला टेकू मिळता कामा नये. सोविएत मंडळींनी कमालच केली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्यांनी चक्क उलटं पिस्तूल आणलं, नळी खालच्या बाजूला! त्यांच्या चेर्कासोवनं रॅपिड फायरमध्ये रौप्यपदक घेतलं. पुढे नियम बदलून या पिस्तुलाला दार बंद झालं. मला विचाराल तर ते ठीकच झालं. नाहीतर खेळ कारागिरांचाच उरला असता.

आणि दणका अगदीच बिनमहत्त्वाचा आहे असंही नाही. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये शेवटच्या फैरी चार सेकंदांच्या. तेवढ्यात पाच वेगवेगळ्या लक्ष्यांवर पाच गोळ्या, तेही एका हातानं. तिथे नळी उडून पुन्हा त्याच जागी आली नाही तर खेळ संपला. पण ती दाबून आणता येत नाही. मूठ दर वेळी सारखीच धरली तर आपसूक येते. माझ्या ‘घट्ट धर’ या सल्ल्याची किंमत मला तिथे कळली. आवळलेल्या मुठीत चापावरचं बोट एकटं हलत नाही, सगळा पंजा हलतो.

सरांचा आवडता नेमबाज हंगेरीचा कारोय ताकाच. १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं सुरुवात केली आणि १९४८ व १९५२ अशी दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं रॅपिड फायरमध्ये जिंकली. लेकीची आवडती अर्थातच कोल्हापूरची राही सरनोबत. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाच्या अंतिम फेरीत तिची आणि थायलंडच्या स्पर्धकाची ३४ गुणांवर बरोबरी झाली. जादा फैरीत राहीनं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. ती चित्रफीत आमच्या घरी इतक्या वेळा पाहिली गेली आहे, की आमच्या सौभाग्यवतींनाही जादा फैरी पाठ आहेत.

त्या दिवशी घरी परतताना स्कूटरवर आम्ही दोघं गप्प होतो. सिग्नलला थांबल्यावर मी म्हटलं, "माझंही खाली डावीकडेच जात होतं गं." मागून उत्तर आलं, "माहीत होतं. मी तुमच्या गोळ्या मोजते."

पुढचा महिनाभर सरांनी दोघांनाही गोळी दिली नाही. रिकामं पिस्तूल, समोर कोरी भिंत, माशीवर नजर आणि चाप. माशी हलली नाही तर ती खरी गोळी, हे सरांचं गणित. कंटाळवाणं काम. लेकीनं ते माझ्यापेक्षा लवकर जमवलं.

मी आता तिच्या मागे बाकावर बसतो आणि बोलत नाही. सरांच्या परवानगीनं माझं मॅगझीन तीच भरते, पाठमोरी होऊन.

परवा विचारलं, "आज खोटी किती घातलीस?"

"सांगणार नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मारा."