लायकॉमिंग ओ-३२० : एका जुन्या इंजिनाची खरेदी

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया संस्थानात विल्यम्सपोर्ट येथे लायकॉमिंग कंपनीचा कारखाना आहे, आणि तेथे घडलेले, १९५३ साली सरकारमान्य झालेले ओ-३२० हे इंजिन हलक्या विमानांच्या सृष्टीत आजही मानाचे स्थान राखून आहे. समोरासमोर आडवे निजवलेले चार सिलिंडर, ३२० घनइंचांचे म्हणजे सुमारे सव्वापाच लिटरांचे आकारमान, १५० ते १६० अश्वशक्ती आणि मिनिटाला अवघे २,७०० फेरे, असे त्याचे स्वरूप असल्यामुळे मध्ये कोणतेही दंतचक्र न घालता पंखा थेट क्रँकशाफ्टच्या तोंडावर बसतो, आणि थंडाव्यासाठी पाण्याची उठाठेव न करता समोरून येणाऱ्या वाऱ्यावरच भागते. पायपर चेरोकीने ते पत्करले, सेसना १७२ ने १९६८ च्या नमुन्यापासून पत्करले, आणि ऑरेगॉनमधील रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेन यांच्या आराखड्यांवरून घरच्या शेडमध्ये आरव्ही जातीची विमाने स्वहस्ते उभारणाऱ्या हौशी मंडळींनीही मोठ्या संख्येने पत्करले. या मंडळींना नव्या इंजिनाची किंमत सहसा झेपत नाही. म्हणून जुन्या इंजिनाचा शोध सुरू होतो, आणि त्या शोधाला जे शास्त्र लागते त्याची ओळख करून देण्याचा येथे हेतू आहे.

जमीन घेताना शहाणा मनुष्य आधी सातबारा मागतो, त्याप्रमाणे येथे आधी दफ्तर मागावे. इंजिनाला जडवलेल्या पट्टीवरील अनुक्रमांक आणि लॉगबुकातील अनुक्रमांक यांची रुजुवात झाल्यावाचून पुढे एक पाऊलही टाकू नये. लॉगबुकात एकंदर तास, शेवटच्या ओव्हरहॉलनंतरचे तास, कोणते सुटे भाग केव्हा बदलले आणि सरकारी हुकमांची तामिली केव्हा झाली, हा सारा तपशील सहीनिशी असावा लागतो. ओव्हरहॉल झालेल्या इंजिनाचे पूर्वायुष्य पुसले जात नाही. शून्य तासांपासून नवे लॉगबुक सुरू करण्याचा अधिकार अमेरिकन कायद्याने उत्पादकाला वा त्याने मान्य केलेल्या संस्थेलाच दिला आहे. तेव्हा एखाद्या साध्या कारागिराने उघडून जोडलेल्या इंजिनाला ‘शून्य तासांचे’ म्हणून कोणी विकू पाहत असेल, तर त्याच्या बाकीच्या विधानांचीही कसून खातरजमा करावी.

त्यानंतरचा प्रश्न असा की, हे इंजिन बाजारात आले कोणत्या वाटेने? गारपिटीने पंखांचा पत्रा चेपून विमा कंपनीने निकालात काढलेल्या विमानाचे इंजिन बहुधा निर्दोष असते. नाकाचे चाक मोडून ज्याचा पंखा धावपट्टीवर आपटला, ते मात्र वरून कितीही स्वच्छ दिसले तरी आतून संशयित समजावे. अशा प्रसंगानंतर क्रँकशाफ्टच्या मागील टोकाचे दंतचक्र, त्याचा बोल्ट आणि डॉवेल तपासलेच पाहिजेत, असा सरकारी हुकूमच लायकॉमिंगसाठी २००४ साली निघाला आहे. पंख्याच्या बैठकीवर डायल गेज लावून क्रँकशाफ्ट सावकाश फिरवली असता काटा किती हलतो, हे पाहायला फार वेळ लागत नाही.

पण माझ्या मते या दोहोंपेक्षा अधिक फसवे इंजिन ते, जे हँगरात वर्षानुवर्षे स्वस्थ बसून राहिले. तीस वर्षांत अवघे चारशे तास, असे विक्रेता अभिमानाने सांगतो आणि नवखा ग्राहक भुलतो. ओ-३२० मध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वरच्या बाजूला आहे; इंजिन चालू असताना खालून उडणाऱ्या तेलात ती न्हाऊन निघते, परंतु बंद पडल्यावर दिवसागणिक तेल निथळून जाते, आतल्या हवेतील ओल उघड्या पोलादावर बसते आणि कॅमच्या उंचवट्यांवर व टॅपेटांच्या तोंडावर गंजाचे बारीक ठिपके उमटतात. पुढे कधीतरी इंजिन सुरू झाले की नेमक्या त्या ठिपक्यांपाशी पोलादाचे खवले सुटतात, आणि तेलाबरोबर सर्वत्र फिरतात. कारखान्याने ओव्हरहॉलची मर्यादा २,००० तास किंवा १२ वर्षे, यांतील जे आधी येईल ते, अशी ठेवली आहे ती यासाठीच. वैमानिक-शाळेत रोज राबून बाराशे तास झालेले इंजिन मी या चारशे तासांच्या इंजिनाहून निःशंकपणे वरचे मानीन. बहुतेक ओ-३२० मध्ये टॅपेटांचा आकार छत्रीसारखा असल्याने क्रँककेस उकलल्याशिवाय ते बाहेर निघत नाहीत. म्हणून एक सिलिंडर उतरवून दिव्याच्या उजेडात कॅम पाहावी लागते. विक्रेत्याने याला नकार दिला, तर त्याचा तो हक्क आहे. मात्र मग इंजिनाची किंमत ओव्हरहॉलला पात्र अशा सांगाड्याइतकीच धरावी.

सिलिंडरांच्या परीक्षेत ऐंशी पौंड दाबाची हवा आत सोडून किती टिकते ते पाहतात. आकड्याइतकेच महत्त्व कानाला आहे : एक्झॉस्टच्या नळीतून फुसफूस आली तर त्या बाजूची झडप, कार्ब्युरेटरमधून आली तर आत घेणारी झडप, आणि तेल ओतण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. थंड इंजिनावरचा आकडा गरम इंजिनाशी जुळत नाही, हे ध्यानात ठेवून बोरस्कोपने झडपांचे चेहरेही पाहावेत. निरोगी एक्झॉस्ट झडपेवर रंगाची वर्तुळे मध्याभोवती सारखी असतात, जळू लागलेल्या झडपेची एक कड निराळी दिसते.

आता सोबतचा सरंजाम. ‘सर्व साहित्यासह’ या जाहिरातीतील शब्दांवर विसंबून न राहता अनुक्रमांकांसह फेरिस्त मागावी, कारण इंजिनाचे तास आणि त्याला लटकलेल्या प्रत्येक वस्तूचे तास वेगळे असतात. मॅग्नेटो दोन, त्यांची उघडून तपासणी पाचशे तासांनी करतात, तिचा दाखला पाहावा. इम्पल्स कपलिंग असलेला मॅग्नेटो, स्पार्क प्लग काढून ठेवून क्रँकशाफ्ट हाताने फिरवली असता, स्पष्ट ‘खट्’ असा आवाज देतो. १९७७ सालच्या सेसना १७२ बरोबर आलेल्या ओ-३२०-एच२एडी या उपजातीत दोन्ही मॅग्नेटो एकाच खोक्यात, एकाच दांड्यावर आहेत. ही उपजात कॅम-टॅपेटांच्या तक्रारींसाठी कुप्रसिद्ध असल्याने पट्टीवरील शेवटची अक्षरे वाचायला विसरू नये.

स्टार्टर मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. पुढच्या रिंग गिअरला १२२ दात असतात किंवा १४९, आणि स्टार्टर त्या त्या संख्येचाच लागतो. तेव्हा एका दातावर खडूची खूण करून ते मोजून घ्यावेत. सिलिंडरांमधले वारा वळवणारे पत्रे क्षुल्लक वाटतात नि उतरवताना हमखास गहाळ होतात, पण त्यांच्यावाचून सिलिंडर तापतात. बैठक शंकूच्या रबरांची की डायनाफोकल, क्रँकशाफ्ट भरीव की पोकळ, यांवरून ते आपल्या विमानाला आणि आपल्या पंख्याला चालेल की नाही हे ठरते. व्हॅक्यूम पंपाला मी एक डॉलरही मोजणार नाही. त्यातील कार्बनची पाती पूर्वसूचना न देता मोडतात.

माल स्वीकारताना प्लगांच्या भोकांत ओल शोषणारी पारदर्शक बुचे बसवलेली असावीत. त्यांतील खडे कोरडे असताना निळे आणि ओल शोषल्यावर गुलाबी होतात. ते गुलाबी दिसले तर तसा शेरा तारखेसह ताबेपावतीवर विक्रेत्यासमक्ष लिहून घ्यावा, लॉगबुके पेटीत न टाकता स्वतःजवळ घ्यावीत, आणि मग उरलेली रक्कम द्यावी.