शीतित अभिज्ञातकातील संघनन-प्रतिबंध

प्रकाश किंवा अन्य प्रारण टिपणारी संवेदनशील साधने (अभिज्ञातके) नीच तापमानास ठेवली असता त्यांच्या कोष्ठात बाष्पाचे पाणी वा हिम होऊ न देणे, यास संघनन-प्रतिबंध म्हणतात. दुर्बिणीस जोडलेल्या सीसीडी कॅमेऱ्यात उष्णतेमुळे मुक्त होणारे इलेक्ट्रॉन अंधारातही खोटा संकेत देतात. तापमान ६–७° से. उतरल्यास हा संकेत सु. निम्मा होतो, म्हणून अभिज्ञातक थंड ठेवतात.

हवा ज्या तापमानास बाष्पाने संपृक्त होते ते तिचे दवबिंदू तापमान होय. गोदावरीकाठी सायखेडा (ता. निफाड, जि. नाशिक) येथे हिवाळ्यातील पहाटे पिकांवर दव पडते, ते पाने या तापमानाखाली निवतात म्हणून. अभिज्ञातकावर हीच क्रिया अधिक तीव्रतेने घडते. ३०° से. तापमानाच्या व ८०% सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचे दवबिंदू तापमान सु. २६° से. असून तिच्या एका घ. मी.मध्ये सु. २४ ग्रॅ. बाष्प असते; –२०° से. तापमानास मात्र १ ग्रॅ.पेक्षाही कमी बाष्प टिकते. उरलेले हिमरूपाने साचते. त्यामुळे प्रकाश विखुरतो, प्रतिमा पुसट होते व विद्युत् जोडण्या गंजतात. केवळ उष्णतारोधक वेष्टनाने हे टळत नाही. कोष्ठातील वायूचे दवबिंदू तापमान तेथील सर्वांत थंड पृष्ठाच्या तापमानाखाली न्यावे लागते.

मध्यम शीतनासाठी कोष्ठात शुष्क नायट्रोजन वा आर्‌गॉन भरतात व सिलिका जेल ठेवतात. रबरी कड्यांतून बाष्प हळूहळू झिरपत असल्याने जेल अधूनमधून सु. १२०° से.पर्यंत तापवून पुन्हा कोरडे करतात. तीव्र शीतनासाठी निर्वात पात्र वापरतात. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या, जुन्नरजवळील गिरवली येथे २००६ मध्ये उद्‌घाटन झालेल्या २ मी. व्यासाच्या दुर्बिणीवरील प्रमुख कॅमेऱ्याचा अभिज्ञातक द्रव नायट्रोजनाने (उकळबिंदू –१९६° से.) थंड करतात. अशा पात्रातील थंड भागावर बसविलेला सक्रियित कोळसा किंवा झिओलाइट उरलेले रेणू शोषून घेतो.

क्रमही महत्त्वाचा असतो. प्रथम पात्र निर्वात करून मगच ते थंड करतात आणि उघडण्यापूर्वी आतील भाग परिसराच्या तापमानास येऊ देतात. थंड असताना उघडल्यास दमट हवा तत्काळ आत शिरून हिम धरते. पात्राची काचेची खिडकी आतील थंडीने निवून तिच्या बाहेरच्या पृष्ठावरही दव धरते. त्यासाठी तीवर कोरड्या हवेचा झोत सोडतात किंवा ती किंचित तापवितात. ही दक्षता नसेल, तर आकाश निरभ्र असूनही रात्रीचे निरीक्षण वाया जाते.