पिशवी जपा, पण उंचावर

गेल्या आठवड्यात एक आजी नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. मी खोकल्याचे औषध लिहीत होतो, तेवढ्यात पोराने आजींच्या हातातली रिकामी पिशवी डोक्यावरून ओढून घेतली. आजी हसल्या. मी मात्र उठून आधी ती काढली. पातळ प्लॅस्टिक श्वासाबरोबर नाकातोंडाला चिकटते, लहान मुलाला ते काढता येत नाही. गुदमरायला काही मिनिटे पुरतात.

महाराष्ट्रात २०१८ पासून कॅरीबॅगवर बंदी असली, तरी घरोघरी गादीखाली पिशव्यांची चळत असतेच. (आमच्याकडेही आहे.) फेकण्यापेक्षा पुन्हा वापरणे केव्हाही चांगले. पावसाळ्यात कागदपत्रांना, ओल्या चपलांना त्या उपयोगी पडतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना तो पुरता तोडू नका, कचऱ्यात हरवतो. पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला द्या.

काळ्या पिशवीत मात्र खाण्याचे काही ठेवू नका. कशाकशाचे प्लॅस्टिक वितळवून ती केलेली असते, कोण जाणे! गरम चहा, वरण तर कोणत्याच पिशवीत नको. आणि शिळे अन्न पिशवीत बांधून रस्त्यावर टाकू नका, गाय ते पिशवीसकट गिळते.

काल आजी पुन्हा आल्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पिशव्यांसाठी उंचावर खिळा ठोकून घेतला."