सापेक्ष उत्पन्न सिद्धान्त

सापेक्ष उत्पन्न सिद्धान्त हा कुटुंबांच्या उपभोगखर्चाविषयीचा सिद्धान्त असून तो अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जेम्स ड्यूसेनबेरी यांनी १९४९ मध्ये मांडला. उत्पन्न वाढते तसा त्यातील बचतीचा वाटाही वाढतो, असे केन्स यांचे प्रतिपादन (१९३६) होते. परंतु सायमन कुझनेट्स यांनी संकलित केलेल्या अमेरिकेच्या दीर्घकालीन आकडेवारीत हा वाटा जवळपास स्थिर आढळला. ड्यूसेनबेरी यांच्या मते कुटुंब आपला खर्च भोवतालच्या कुटुंबांच्या राहणीमानाशी तुलना करून ठरवते. सर्वांचेच उत्पन्न वाढले, तर कोणाचेच सापेक्ष स्थान बदलत नाही. समान उत्पन्नाच्या गोऱ्या कुटुंबांपेक्षा कृष्णवर्णीय कुटुंबे अधिक बचत करीत, याचा उलगडाही त्यांनी असाच केला : तेवढेच उत्पन्न त्यांच्या समाजात वरच्या पायरीवरचे होते.

दुसरा घटक सवयीचा. उत्पन्न घटले तरी भरभराटीच्या काळातील राहणी सहजासहजी सुटत नाही. आधी बचत आटते. एकाच दिशेने फिरणाऱ्या दातेरी चाकावरून यास ‘रॅचेट परिणाम’ म्हणतात. मंदीत खर्च उत्पन्नाइतका का घसरत नाही, हे त्यावरून कळते.

मिल्टन फ्रीडमन यांच्या स्थायी उत्पन्न सिद्धान्तानंतर (१९५७) हा विचार काहीसा अकारणच मागे पडला. रॉबर्ट फ्रँक यांनी तो पुढे पुन्हा उचलून धरला.