मीटर कोणाचे आणि परवानगी कोणाची?

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना विजेच्या मीटरबद्दल दोन प्रश्न हमखास पडतात. नवा मीटर बसवायला माणूस आला, तर घरमालकाला विचारल्याशिवाय बसवू द्यायचा का? आणि आपल्या नावाचा वेगळा मीटर हवा असेल, तर मालकाची परवानगी लागते का? आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बदलीच्या नोकरीमुळे आम्ही शिक्षक मंडळी कधी खामगाव, कधी मेहकर, कधी मलकापूर अशी घरे बदलत असतो. त्यामुळे हे प्रश्न शाळेच्या मधल्या सुट्टीतही निघतात आणि पालकसभेनंतरही निघतात.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. मीटर ना मालकाचा असतो, ना भाडेकरूचा. तो वीज कंपनीचा असतो आणि तो बदलण्याचा अधिकार तिचा आहे. दुपारी घरात फक्त बायका असताना मीटर बदलला गेला आणि संध्याकाळी मालकाने “मला न विचारता कसा बदलू दिला?” म्हणून आवाज चढवला, असे प्रकार आम्ही ऐकले आहेत. त्या रागाला कायद्यात आधार नाही. मात्र भाडेकरूने तेवढी सावधगिरी जरूर घ्यावी. आलेल्या माणसाचे ओळखपत्र बघावे, जुन्या मीटरवरील शेवटचे रीडिंग आणि नव्या मीटरचा क्रमांक यांचे मोबाइलवर फोटो काढावेत आणि त्याच दिवशी मालकाला पाठवून द्यावेत. पुढच्या महिन्यात बिल जास्त आले, तर वाद याच आकड्यांवरून होतो.

या मीटरची पार्श्वभूमीही थोडी समजून घेऊ. देशभरात 25 कोटी स्मार्ट प्रीपेड मीटर बसवण्याची केंद्राची योजना 2021 ची. आधी रिचार्ज, मग वीज, असा तिचा हिशेब. महाराष्ट्रात याला मोठा विरोध झाला. जून 2024 मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे जाहीर केले. त्यानंतर महावितरण जे मीटर बसवू लागले ते स्मार्ट आहेत, पण बिल पूर्वीसारखे वापरानंतरच येते. मीटर न बदलता त्यालाच प्रीपेड करता येते, हे मात्र ध्यानात असू द्यावे. उद्या ती वेळ आली आणि जोडणी मालकाच्या नावावर असली, तर शिल्लक संपत आल्याचा संदेश कोणाच्या मोबाइलवर जाईल? मालक औरंगाबादला मुलाकडे गेलेला आणि सहेरीच्या वेळी पंखा बंद! रात्री पैसे संपले तरी लगेच वीज तोडणार नाही, असे महावितरणने त्या वेळी सांगितले होते खरे. पण संदेशच पोहोचला नाही, तर सकाळ उजाडल्यावर काय?

आता दुसरा प्रश्न. आमच्या मते खरा अन्याय सबमीटरमध्ये आहे, आणि तो बहुतेक वेळा कोणी जाणूनबुजून केलेला नसतो. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी आणि 101 ते 300 चा जवळजवळ दुप्पट. एका वाड्यात तीन कुटुंबे आहेत आणि प्रत्येक जण महिन्याला 90 युनिट वापरतो, असे समजा. तिघांचे मीटर वेगळे असते, तर तिघेही स्वस्त टप्प्यातच राहिले असते. पण मुख्य मीटर एकच असल्यामुळे बिल 270 युनिटांचे येते आणि त्यातले 170 युनिट महाग दराचे होतात. मालकाने एक पैसा वर घेतला नाही, तरी शिलाई मशीन चालवणाऱ्या भाभीला श्रीमंताच्या दराने वीज पडते. वर 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर प्रति युनिट 80 पैसे सवलत सुरू झाली. दिवसभर मशीन चालवते भाभी. पण साधा सबमीटर वेळ नोंदवत नाही, म्हणून तिच्या हिश्शाची सवलत मालकाच्या बिलात विरून जाते. ज्यांना खरी गरज त्यांच्यापर्यंत ती पोहोचतच नाही.

म्हणून स्वतःच्या नावाचा मीटर. विद्युत कायदा 2003 चे कलम 43 सांगते की जागेचा मालक किंवा तेथे राहणारा, दोघांपैकी कोणीही अर्ज केला तरी वीज द्यायची. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले: वीज ही मूलभूत सुविधा आहे, मालक नाहरकत देत नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढेच वीज कंपनीने बघावे. मालकाच्या नावाची जुनी जोडणी आपल्या नावावर करून घेणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे त्याची संमती मागितली जाते. नवी, वेगळी जोडणी मागितलेली बरी. राहत असल्याचा पुरावा म्हणजे भाडेकरार, आणि तो लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे. आपल्याकडे मात्र आजही किती घरे “तुमच्यावर भरवसा आहे, कागद कशाला?” या एका वाक्यावर भाड्याने जातात! भांडणानंतर फ्यूज काढून नेणाऱ्यांसाठी त्याच कायद्याचे कलम 29 आहे: योग्य कारणाशिवाय वीज-पाणी तोडले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मालकाचीही बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. भाडेकरू बिल थकवून निघून गेला तर? थकबाकी जागेला चिकटू शकते. नियमांत तशी तरतूद असेल, तर नव्या मालकाकडूनही जुनी बाकी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये म्हटले आहे. गंमत अशी की प्रीपेड मीटर या भीतीवर सगळ्यात चांगला इलाज आहे. आगाऊ पैसे, म्हणजे बाकीच नाही. शिवाय प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून वीज कंपनीला सुरक्षा ठेव मागता येत नाही, असे कलम 47 सांगते. ज्या मीटरविरुद्ध मोर्चे निघाले, तो स्वखुशीने घेणाऱ्या एखाद्या भाडेकरूला सोयीचा ठरू शकतो. सक्तीने मात्र नको, कारण रोजंदारीवर जगणाऱ्या घरात महिनाअखेरीस भरायचे पैसे वेगळे आणि आज रात्रीच्या उजेडाचे पैसे वेगळे.

कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे म्हणून उठून थेट अर्ज करा, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. करार अकरा महिन्यांचा असतो आणि बारावा महिना मालकाच्या हातात. मोहल्ल्याबाहेर घर शोधताना आपल्या लोकांना काय ऐकावे लागते, ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. तेव्हा आधी बिल घेऊन मालकाजवळ बसा, वरचा 270 युनिटांचा हिशेब मांडा. त्याचेही युनिट त्यातच आहेत, म्हणजे वेगळ्या मीटरने त्याचेही बिल उतरेल. घर बदलताना तर हे बोलणे अनामत रक्कम देण्यापूर्वीच करावे आणि करारात लिहून घ्यावे: मीटर कोणाच्या नावाचा, संदेश कोणाच्या मोबाइलवर, आणि घर सोडताना शेवटचे रीडिंग दोघांच्या सहीने.

अर्ज केल्यावर शहरी भागात 7 दिवसांत आणि ग्रामीण भागात 15 दिवसांत जोडणी मिळावी, असे केंद्राच्या 2024 च्या सुधारित नियमांत आहे. नव्या मीटरचे रीडिंग पटत नसेल, तर तक्रारीनंतर 5 दिवसांत शेजारी दुसरा पडताळणी मीटर लावून मागता येतो. तक्रार 1912 वर नोंदवावी आणि तिचा क्रमांक लिहून ठेवावा. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्यावर नागपूरला विद्युत लोकपाल.