कच्चे केळे, पिकले केळे

जळगावकडच्या रावेर-यावलची किंवा धुळ्याच्या शिरपूरची केळी तुम्ही खाल्ली असतील. एकाच घडातले कच्चे केळे तुरट आणि पिकलेले गोड का लागते? दोन्हींच्या चकतीवर टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकून पाहा. कच्ची चकती काळीनिळी होईल, पिकलेलीचा रंग फारसा बदलणार नाही. (त्या चकत्या मात्र खाऊ नका!) कच्च्या गरात सुमारे २० टक्के स्टार्च असतो. पिकताना फळात इथिलीन वायू तयार होतो, विकरे कामाला लागतात आणि स्टार्चची साखर होते.

जुलाबावर कच्चे केळे शिजवून देण्याची रीत जुनी आहे. त्यातला काही स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यापासून मेदाम्ले बनवतात आणि ती पाणी व क्षार शोषले जाण्यास मदत करतात. बांगलादेशातील २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बरेच दिवस जुलाब होणाऱ्या मुलांना भाताबरोबर असे केळे दिले, तेव्हा गुण आला.

पण ध्यानात ठेवा, जुलाबात खरा धोका शरीरातले पाणी कमी होण्याचा असतो. म्हणून आधी जलसंजीवनी द्यावी, डॉक्टरांना दाखवावे. केळे हा पूरक आहार आहे, औषधाची जागा ते घेऊ शकत नाही.