अंकीय पुस्तकांची प्रादेशिक विक्रीबंधने
एका देशात विक्रीस असलेले अंकीय पुस्तक (ई-बुक) दुसऱ्या देशातील ग्राहकास विकत घेऊ न देणारी कराराची व कायद्याची बंधने. ती संगणकीय जाळ्यामुळे उद्‌भवलेली नाहीत. त्यांचे मूळ छापील ग्रंथांच्या व्यापारात आहे. लेखकाकडून मिळणारा प्रकाशनाचा हक्क भाषा, मुदत व प्रदेश यांनुसार विभागला जातो. ब्रिटिश प्रकाशकांनी १९४७ मध्ये आपसांत केलेल्या करारान्वये राष्ट्रकुलाची बाजारपेठ स्वतःकडे राखली होती. अमेरिकेतील मक्तेदारीविरोधी खटल्यानंतर १९७६ मध्ये हा करार संपुष्टात आला. तथापि एकेका पुस्तकापुरती प्रदेशवाटणी चालूच राहिली. भारतासाठीचा अनन्य परवाना पेंग्विन या प्रकाशनसंस्थेकडे असलेल्या पुस्तकांच्या अमेरिकी आवृत्त्या आयात करून विकणे, हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हक्कभंग ठरविला. भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क-हस्तांतराच्या लेखात प्रदेशाचा उल्लेख नसल्यास तो हक्क भारतापुरताच दिला आहे, असे मानतात. परदेशस्थ मराठी वाचकांना पुस्तक विकू इच्छिणाऱ्या प्रकाशकाने करारात प्रदेश स्पष्ट नमूद करणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

छापील पुस्तकाची प्रत ग्राहकाच्या मालकीची होते. माढा (जि. सोलापूर) येथे घेतलेली कादंबरी अमेरिकेतील नातेवाइकास सामानातून सहज नेता येते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१३ मध्ये परदेशात छापलेल्या व कायदेशीरपणे विकत घेतलेल्या प्रतींची त्या देशातील पुनर्विक्रीही वैध ठरविली. अंकीय पुस्तकाच्या बाबतीत मात्र बहुधा वाचनाचा परवाना तेवढा मिळतो व तो खरेदीदाराच्या खात्याशी निगडित राहतो. खात्यावरील पत्ता, पैसे देण्याचे साधन यांवरून विक्रेता ग्राहकाचा देश ठरवितो. ग्राहकाची भाषा येथे गौण ठरते. वाचलेल्या ई-पुस्तकाची पुनर्विक्री हक्कधारकाच्या संमतीविना करता येत नाही, असा निर्णय यूरोपीय न्यायालयाने १९ डिसेंबर २०१९ रोजी दिला. सीमापार खरेदीतील भेदभाव रोखणारा यूरोपीय संघाचा नियम ३ डिसेंबर २०१८ पासून लागू झाला. परंतु परदेशी ग्राहकास विक्री करण्याच्या बंधनातून त्याने ई-पुस्तके वगळली.

कराराची बाधा नसतानाही सीमा आड येते, ती हक्काच्या मुदतीमुळे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये निधन पावले. त्यामुळे श्यामची आई हे पुस्तक १ जानेवारी २०११ पासून भारतात हक्कमुक्त झाले व त्याची अंकीय आवृत्ती कोणासही काढता येऊ लागली. अमेरिकेत परदेशी ग्रंथांचे हक्क १९९६ पासून पुनःस्थापित झाले. त्या वेळी हे पुस्तक भारतात संरक्षित असल्याने, १९३५ या प्रकाशनवर्षापासून ९५ वर्षे, म्हणजे २०३० अखेरपर्यंत, तेथे त्याचा हक्क कायम राहतो. माढ्यातील वाचकास विनामूल्य व वैधपणे उपलब्ध असलेली अशी आवृत्ती न्यू जर्सीतील मराठी कुटुंबास परवानगीविना पुरविणे हा मात्र तेथे हक्कभंग ठरू शकतो. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असले, तरी एकाच भाषेच्या वाचकांत पडलेली ही विभागणी विचित्रच होय.